बापाच्या नावावरची पुडी : बोरीकाठच्या एका शाळेचं प्रकरण

आरोग्य तपासणीच्या दिवशी आठवीतला एक मुलगा डॉक्टरांसमोर उभा राहिला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा आमच्या शाळेत येतं. वजन, उंची, डोळे, दात, रक्तक्षय असं एकेक पाहत रांग पुढे सरकते. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, आ कर. त्यानं केला. आणखी मोठा. तो तेवढाच राहिला. मग त्यांनी त्याला स्वतःचीच तीन बोटं उभी धरून दातांमध्ये घालायला सांगितली. दोन गेली, तिसरं अडलं.

निरोगी माणसाच्या तोंडात त्याची स्वतःची तीन बोटं मावतात. १३ वर्षांच्या पोराच्या तोंडात दोनच मावत असतील तर आतलं अस्तर आखडायला लागलेलं असतं. डॉक्टर मॅडमनी बॅटरीच्या उजेडात मला गालाची आतली बाजू दाखवली. पांढुरकी पडलेली, आणि बोट फिरवलं तर आत दोऱ्या ताणल्यासारखं लागत होतं. ओरल सबम्युकस फायब्रोसिस, त्या म्हणाल्या. जिल्ह्याच्या ठिकाणी दाखवण्याची चिठ्ठी लिहिली गेली आणि पुढचा मुलगा आला.

मी या शाळेत विज्ञान शिकवते. तंबाखूमुक्त शाळेचं कामही माझ्याकडेच आहे. त्याच वर्षी तंबाखूमुक्त शैक्षणिक संस्थेचे सगळे निकष आमच्या शाळेनं पूर्ण केल्याचा तक्ता मी माझ्या हातानं भरला होता. फाटकावर फलक, आवारात फलक, शपथ घेतानाचा फोटो, तंबाखूविक्रीची हद्द दाखवणारी रस्त्यावरची पिवळी रेषा. शंभरपैकी शंभर गुण. त्या शंभर गुणांच्या शाळेत हा मुलगा तिसऱ्या बाकावर बसत होता आणि मला काही कळलं नव्हतं. पुढचं सगळं लिहिण्याचं कारण हेच आहे.

शाळा जळगाव जिल्ह्यातल्या पारोळा–अमळनेर पट्ट्यात, बोरी नदीच्या काठी. गावाचं नि माणसांचं नाव देत नाही, कारण मुलगा अजून शिकतो आहे आणि गावात सगळे सगळ्यांना ओळखतात.

मुलगा

त्याच्या घरी गेले तेव्हा कळलं की आईला दुखण्याचा अंदाज होता, फक्त त्याचं नाव माहीत नव्हतं. कळण्याची भाकर आणि ठेचा हे ज्याचं रोजचं जेवण, तो पोरगा सहा-आठ महिन्यांपासून दूध-भाकरीवर आला होता. तिखट लागलं की डोळ्यांत पाणी यायचं. आईनं उष्णता समजून गुलकंद दिला, तुरटीच्या गुळण्या करायला लावल्या. शेवभाजी केली की याच्यासाठी वेगळी वाटी आधी काढून ठेवायची, मसाला पडायच्या अगोदर. तिखट झोंबणं हे या आजाराचं अगदी सुरुवातीचं लक्षण असतं. सातवीला आम्ही पचनसंस्था शिकवतो, दातांचे प्रकार पाठ करून घेतो, पण हे एक वाक्य मी कुठल्याही वर्गात सांगितलं नव्हतं.

मुलगा बोलायला तयार नव्हता. दोन आठवडे लागले. मग प्रयोगशाळेत सामान लावता लावता त्यानं सांगितलं, तेही तुकड्या-तुकड्यानं. तिसरीत असताना गोड सुपारीची पुडी, एक रुपयाला. ती चॉकलेटांच्या बरणीशेजारीच टांगलेली असायची, त्यामुळे ती वाईट असेल असं त्याला कधी वाटलंच नाही. पाचवी-सहावीत पानमसाला. सातवीत कापूस वेचणीच्या दिवसांत पानमसाल्यात तंबाखूची दुसरी पुडी ओतून खायला तो शिकला. हे त्यानं मोठ्यांचं बघून उचललं. शेतात दुपारच्या सुट्टीत चहा येतो, चहामागून पुडी फिरते, आणि वेचायला आलेलं पोर हात पुढे करतं तेव्हा कुणी त्याचं वय विचारत नाही.

शाळकरी मुलांमधल्या तंबाखूची देशव्यापी पाहणी २०१९ मध्ये झाली. १३ ते १५ वयाच्या मुलांमध्ये साडेआठ टक्के मुलं तेव्हा तंबाखू वापरत होती. त्याच पाहणीतली दुसरी गोष्ट मला जास्त लागली. बिनधुराची तंबाखू घेणाऱ्या मुलांपैकी ५२ टक्क्यांनी ती दहावा वाढदिवस येण्याआधीच सुरू केली होती. बिडीच्या बाबतीत हा आकडा ४७ टक्के, सिगारेटच्या बाबतीत ३८. आम्ही शपथ देतो ती माध्यमिक शाळेत. ज्यांना देतो त्यांच्यातल्या काहींचं तर तिसरीतच सुरू झालेलं असतं.

पिवळी रेषा

तपासणीनंतर पहिला राग निघाला तो फाटकासमोरच्या टपरीवर. सगळ्यांचा तिथेच निघतो.

२००३ चा केंद्राचा तंबाखू नियंत्रण कायदा, ज्याला सगळे कोटपा म्हणतात, त्याचं सहावं कलम दोन गोष्टी सांगतं. १८ वर्षांखालच्या कुणालाही तंबाखूचा पदार्थ विकायचा नाही, आणि शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत तो कुणालाच विकायचा नाही. १०० यार्ड म्हणजे ९१ मीटरच्या जरा वर. टपरी चालवणाऱ्या जिभाऊंना हे ठाऊक होतं. पिवळी रेषा मारली त्या आठवड्यातच त्यांनी टपरी उचलून रेषेच्या पलीकडे नेऊन ठेवली होती, आणि मी त्याचाही फोटो तक्त्याला जोडला होता.

पण आमचा रस्ता सरळ नाही. फाटकापासून तो नाल्याला वळसा घालून जातो. रेषा आम्ही रस्त्यानं मोजून मारलेली. २००४ च्या नियमांत मात्र स्पष्ट आहे की अंतर शाळेच्या कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून चहूबाजूंनी सरळ, त्रिज्येसारखं धरायचं. भूमिती शिकवणाऱ्या सरांनी नववीची पोरं घेऊन दोरी टाकली. नाल्यावरून सरळ मोजलं तर टपरी आतच होती, अगदी आरामात आत. जिभाऊ म्हणाले, पोरं काय नाल्यातून उडत येतात का? त्यांच्या जागी उभं राहून पाहिलं तर प्रश्न खोटा नव्हता. तरीही नियम नियम होता. आम्ही अर्ज दिला, पोलीस ठाण्यातून साहेब आले, २०० रुपयांची पावती फाटली. या कलमासाठी कायद्यानं ठरवलेला दंड जास्तीत जास्त तेवढाच, २००३ पासून आजपर्यंत. दुपारी टपरी पुन्हा उघडी होती. पंधरा दिवसांनी ती खरोखरच हलली, नाल्याच्या पार, वडाखाली.

आम्ही जिंकल्यासारखे झालो. मग एका संध्याकाळी मी त्या मुलाला सहज विचारलं, की आता पुडी मिळायला त्रास होत असेल ना. तो गोंधळून माझ्याकडे बघत राहिला. जिभाऊंकडून त्यानं एकदाही पुडी घेतली नव्हती. शाळेजवळ सर-मॅडम बघतात म्हणून. तो घेत होता स्वतःच्या गल्लीतल्या किराणा दुकानातून, शाळेपासून गावाच्या दुसऱ्या टोकाला.

दोन महिने आम्ही चुकीच्या दुकानाशी भांडत होतो.

वही

गल्लीतलं दुकान एक बाई चालवतात. नवरा गेल्यावर दुकानावरच तिन्ही मुलं वाढवली. त्यांना दोष द्यायला गेलेली मी, चहा पिऊन आणि वही बघून परतले. त्या म्हणाल्या, "मॅडम, पोऱ्याले मी इकत नही. बापना नाववर लई जास, मी वहीमा मांडी देस." पोराला विकत नाही, तो बापाच्या नावावर नेतो, मी वहीत लिहून ठेवते. आणि वहीत खरोखर तसंच होतं. तेल, साखर, काडीपेटी, पुडी, पुडी, चहापत्ती, पुडी. उधारी बापाची, नाव बापाचं, नेणारा हात पोराचा. बाप कापसाचा पैसा आला की एकदम चुकता करायचा. चार पुड्या आणायला सांगितल्या की पोरगा पाच मांडून आणायचा आणि एक ठेवून घ्यायचा. बापानं कधी हिशेब मोजला नाही.

या प्रकरणाचा गाभा मला इथे सापडला. कायद्याच्या भाषेत ही सरळ सरळ अल्पवयीनाला केलेली विक्री आहे. २०११ च्या नियमांनी तर विकत घेणारा सज्ञान आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारीही विकणाऱ्यावर टाकली आहे. पण गावाच्या लेखी ती विक्रीच नाही, ते घरचं काम आहे. पोराला दुकानात धाडणं, म्हाताऱ्याची चुन्याची डबी भरून आणणं, पाहुण्यांपुढे पुडी ठेवणं. बापानं शंभर वेळा आणायला लावलेली वस्तू एकशे एकाव्या वेळी पोरानं तोंडात टाकली, तर त्यात त्याला बिघडलंय काय असं वाटावं?

आजीशी बोलले तेव्हा तर मी गप्पच झाले. "दाढ दुखे म्हनीसन मीच दिन्ही व्हती मिसरी," ती म्हणाली. दाढ दुखायची म्हणून मीच दिली होती. चुलीवर तव्यात तंबाखू भाजून, कुटून केलेली मिश्री. तिच्या आईनं तिला दिली, तिनं सुनेला. तंबाखू घातलेली दंतमंजनं आणि टूथपेस्ट यांच्यावर केंद्रानं १९९२ मध्येच बंदी आणली, कोटपाच्या परिशिष्टातही तंबाखूयुक्त दंतमंजनाचा उल्लेख आहे. घरच्या तव्याला मात्र कुठलंच परिशिष्ट लागत नाही. २०१६-१७ च्या प्रौढांच्या पाहणीत महाराष्ट्रात सुमारे २६.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होते. त्यात बिनधुराची घेणारे २४.४ टक्के आणि ओढणारे ३.८ टक्के. काही जण दोन्ही करतात. म्हणजे आपल्याकडचा खरा प्रश्न तोंडात आहे, धुरात कमी. आणि आमच्या शाळेच्या भिंतीवर जे चित्र आहे ते पेटत्या सिगारेटवर फुली मारलेलं. आम्ही ते कौतुकानं रंगवून घेतलं होतं. ते बघून या मुलाला त्यात आपण आहोत असं का वाटेल?

दोनशे रुपये किंवा सात वर्षं

मुलाच्या मामाला राग अनावर झाला होता. तो तालुक्याला वकिलाकडे गेला आणि एक नवीन कलम घेऊन आला : बालन्याय अधिनियम २०१५, कलम ७७. मुलाला तंबाखूचा पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सश्रम कारावास आणि एक लाखापर्यंत दंड. दारू आणि अमली पदार्थांच्या रांगेतच तंबाखू ठेवली आहे. मामा म्हणाला, दुकानवालीला आत टाकू.

मी त्याला कलम पुन्हा वाचायला लावलं. त्यात 'विकणारा' असा शब्द नाही. 'देणारा' किंवा 'द्यायला लावणारा' असं आहे. दुकानवाली आत जाईल, तर तिच्यामागून शेतात पुडी फिरवणारा शेतकरी आणि मिश्री देणारी आजीही जाईल. मामा बराच वेळ काही बोलला नाही. तक्रार झाली नाही, आणि ती होऊ नये म्हणून प्रयत्न करणाऱ्यांत मी होते. हे बरोबर केलं की चूक, याचं उत्तर माझ्याकडे पक्कं आहे असं मी म्हणणार नाही. शहरात कॉलेजच्या दारात टोळी करून पोरांना माल पुरवणाऱ्यावर हे कलम लागलंच पाहिजे. पण ज्या गल्लीत विकणारी बाई सुतकात पहिली भाकर घेऊन येते, तिथे सात वर्षांचं कलम कुणी वापरणार नाही, आणि २०० रुपयांच्या पावतीला कुणी भीत नाही. एक इतकं जड की उचलवत नाही, दुसरं इतकं हलकं की जाणवत नाही. मधलं हत्यारच नाही.

ते मधलं हत्यार काय असू शकतं, याचा विचार सरकारच्याच कागदात आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं राज्यांना पत्र लिहिलं, की तंबाखू विकणाऱ्या दुकानांना स्थानिक संस्थेमार्फत परवाना लावा, आणि ज्याला परवाना असेल त्याला चॉकलेट, बिस्किटं, चिप्स असं मुलांना ओढणारं काही विकू देऊ नका. मी हे पत्र वाचलं तेव्हा मला त्या मुलाची तिसरीतली बरणी आठवली. आमच्या गावात बिस्किटं विकायला अन्नसुरक्षेची नोंदणी लागते. तंबाखूची पुडी विकायला वेगळं काहीच लागत नाही. परवाना असता तर शिक्षा साधी झाली असती : पोराच्या हातात पुडी दिली, आठ दिवस तंबाखूची विक्री बंद. पुन्हा दिली, महिनाभर. तेल-साखर चालू राहू दे. तुरुंग नाही, कोर्ट नाही, पण दुकानदाराला झळ लागते आणि ती नक्की लागते.

सुपारी

इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण डॉक्टरांनी सांगितलेली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आमच्या कुठल्याच अर्जात नव्हती. तोंड आखडण्याच्या या आजाराचं मुख्य कारण सुपारी आहे. तंबाखू नसलेला पानमसाला, गोड सुपारी, मावा, ज्यात म्हणून सुपारी आहे ते सगळं. सुपारीतली द्रव्यं गालाच्या अस्तरातले तंतू घट्ट करत नेतात. एकदा घट्ट झालेलं सहसा पूर्ववत होत नाही. सवय सुटली तर पुढचं थांबतं, आणि व्यायामानं थोडं सैलावतं. यातल्या काही रुग्णांना पुढे कर्करोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्येच तंबाखूविरहित सुपारीचाही समावेश माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत केला.

कोटपा तंबाखूचा कायदा आहे. ज्या पुडीत तंबाखू नाही ती त्याच्या कक्षेत येत नाही. महाराष्ट्रानं २०१२ च्या जुलैत अन्नसुरक्षा कायद्याखाली गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी घातली, पुढे सुगंधित तंबाखू, सुगंधित सुपारी, मावा, खर्रा यांनाही त्यात घेतलं, आणि दरवर्षी आदेश नव्यानं निघतो. शेजारच्या मध्य प्रदेशानं आणि गुजरातनंही त्याच वर्षी गुटखा बंद केला. तरी मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात, आणि माल कुठून तरी कुठे तरी जातच असतो. पकडल्याच्या बातम्या आपण सगळे वाचतो. गावात तो उघड टांगलेला नसतो, गल्ल्याखाली असतो. उघड टांगलेली असते ती 'साधी' गोड सुपारी, बडीशेपेच्या नावाखाली. दुकानवाल्या बाईंना ती बंदीत येत असेल हे माहीतही नव्हतं. त्यांच्या दृष्टीनं तो मुखवास होता.

म्हणून 'तंबाखू नियमनाचा आढावा' असे शब्द ऐकले की माझ्या मनात पहिली शंका येते : त्यात सुपारी आहे का? पोरांच्या बाबतीत ही एकच वाट आहे. सुपारी अन्न विभागाकडे, तंबाखू आरोग्य आणि पोलिसांकडे, शाळा शिक्षण विभागाकडे. मुलाचं तोंड मात्र एकच आहे.

मसुदा आणि आमचं गाव

कोटपा बदलण्याचा मोठा प्रयत्न झाला तो २०२० च्या अखेरीस. केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं दुरुस्तीचा मसुदा लोकांपुढे ठेवला आणि ३१ जानेवारी २०२१ पर्यंत सूचना मागवल्या. विक्रीचं किमान वय १८ वरून २१, सुट्या सिगारेटींवर बंदी, १०० यार्डांऐवजी १०० मीटर, सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाचा दंड २०० वरून २,०००, अशा त्यातल्या ठळक गोष्टी. दुकानदार आणि बिडी व्यवसायाकडून विरोध झाला. मसुद्याचा कायदा झालेला नाही.

आमच्या गावावर हे घासून पाहिलं तर प्रत्येक तरतुदीचं वजन वेगळं निघतं. यार्डाचे मीटर केल्यानं साडेआठ मीटर वाढतात. वडाखालची टपरी आणखी चार पावलं सरकेल, एवढंच. सुट्या विक्रीवर महाराष्ट्रानं सप्टेंबर २०२० मध्येच बंदी आणली, सिगारेट आणि बिडी दोन्हींवर. हेतू चांगला होता : पाकिटाच्या दोन्ही बाजूंचा ८५ टक्के भाग इशाऱ्याच्या चित्रानं व्यापलेला असतो, आणि सुटी घेणाऱ्याला ते चित्र कधी दिसतच नाही, शिवाय खिशात दहाच रुपये असलेल्या पोरालाही ती परवडते. पण टपरीवर आजही पाकीट फोडूनच एकेक दिली जाते.

२१ वर्षांची अट मात्र मला मनापासून पटते, आणि कारण अगदी वर्गातलं आहे. बारावीच्या वर्गात १८ पूर्ण झालेला मुलगा आणि १६-१७ चा मुलगा एकाच बाकावर बसतात. एकाला विकत घेता येतं म्हणजे सगळ्या बाकाला मिळतं. २१ केलं तर विकत घेऊ शकणारा माणूस शाळा-ज्युनिअर कॉलेजच्या बाहेर जातो. काही जण म्हणतात, १८ ला मत देता येतं, मग पुडी का नाही? सवयीचं वय बघा म्हणजे उत्तर मिळेल. ज्याला विशीपर्यंत लागली नाही, त्याला पुढे लागण्याची शक्यता बरीच कमी असते.

आणि तरी, २१ असो की १८, बापाच्या नावावर पुडी नेणाऱ्या हाताला मसुदा शिवत नाही. सूचना मागवल्या होत्या तेव्हा आमच्यापैकी कुणीच काही लिहिलं नाही. मला तर त्या मागवल्यात हेही नंतर कळलं. पुढच्या वेळी आढावा होईल तेव्हा मी लिहिणार आहे, की विक्रीच्या व्याख्येत 'कुणासाठी तरी नेणारं मूल' स्पष्ट शब्दांत घाला, आणि त्यासाठी दुकानदारावर परवान्याचीच कारवाई ठेवा, फौजदारी नको.

ग्रामसभा

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत विषय आला तो बचत गटाच्या बायकांमुळे. मी फक्त डॉक्टरांनी सांगितलेलं सांगितलं आणि सगळ्यांना तीन बोटांची तपासणी करायला लावली. हे मी ठरवून केलं नव्हतं, बोलता बोलता झालं. माणसं हसत हसत बोटं तोंडात घालायला लागली आणि मग एकेक जण हसायचा थांबला. तिसरं बोट न जाणारे बरेच होते. त्यात मुलाचा बापही होता.

ठराव साधा झाला. गावातल्या कुठल्याही दुकानानं मुलाच्या हातात पुडी द्यायची नाही, बापाची चिठ्ठी असली तरी नाही. वहीत पुडी मांडायची नाही. तंबाखू उधारीवर नाही. सुपारी आणि पानमसाला खाऊच्या बरणीजवळ टांगायचा नाही. उधारीचा मुद्दा दुकानवाल्या बाईंनीच सुचवला. त्यांचंही त्यात हित होतं, कारण पुडीची उधारी सगळ्यात शेवटी फिटते. ग्रामपंचायतीच्या ठरावाला कायद्याचा दात नाही हे सगळ्यांना माहीत होतं. पण वहीतून पुडी गेली आणि पोराचा तो एक जास्तीचा हिशेब बंद झाला. रोख द्यायचे तर बापाला स्वतः जावं लागतं, किंवा पोराच्या हातात पैसे मोजून द्यावे लागतात.

सगळं झालं नाही. शुक्रवारच्या आठवडे बाजारात बाहेरगावचे विक्रेते येतात, त्यांना ठराव ठाऊक नसतो आणि असला तरी बांधत नाही. वेचणीच्या दिवसांत शेतातली पुडी चालूच आहे. दोन शेतकऱ्यांनी मजुरांना पुडीऐवजी गूळ-शेंगदाणे द्यायला सुरुवात केली तर मजूर दुसऱ्यांकडे गेले. एसटी थांब्यावर नवी टपरी लागली. जिभाऊ माझ्याशी अजून नीट बोलत नाहीत. आजीनं मिश्री सोडली नाही, फक्त नातवाला द्यायची नाही एवढं कबूल केलं, आणि ते पाळते.

बापानं पाकिटावर छापलेल्या १८००-११-२३५६ या क्रमांकावर फोन लावला, मी समोर बसले होते. नंतर जिल्हा रुग्णालयातल्या तंबाखू नियंत्रण कक्षात समुपदेशनाला दोनदा गेला. दीड महिना सुटली, मग पुन्हा लागली, मग कमी झाली. मी त्याला रागावले नाही. इतक्या वर्षांची गोष्ट आहे.

पुढच्या वर्षी तक्ता भरायची वेळ आली. 'आवारात तंबाखूच्या वापराचा पुरावा आढळला नाही' या ओळीपुढे मी गुण दिले नाहीत, कारण मुतारीमागे रिकाम्या पुड्या सापडल्या होत्या. मुख्याध्यापक सरांना काळजी होती की तालुक्यात आपली शाळा खाली जाईल. आम्ही बरंच बोललो. शेवटी त्यांनी सही केली, पण पुड्या सापडलेल्या जागेचा फोटो जोडायचा की नाही यावर आमचं एकमत झालं नाही, आणि तो जोडला गेला नाही. मला वाटतं, आढावा घेणाऱ्यांनी शाळांना पुरे गुण मागायच्याऐवजी काय सापडलं ते मागावं. शंभर गुण मागितले की शंभरच येतात.

मुलाला दंत रुग्णालयात तोंडाचे व्यायाम शिकवले. आईसक्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या, काही दिवसांनी एक काडी वाढवायची. त्याची जुडी रबर लावून कंपासपेटीत असते. मधल्या सुट्टीत तो वर्गाच्या मागे बसून ती धरतो, आधी लपून धरायचा, आता कुणी बघितलं तरी त्याला काही वाटत नाही. काड्या वाढल्या आहेत. तिसरं बोट अजून पूर्ण जात नाही, टोक जातं. ठेचा अजून झोंबतो, पण शेवभाजीचा रस्सा तो पोळीला लावून खातो, असं आईनं सांगितलं.

दहावीनंतर तो अमळनेरला जायचं म्हणतो, सायन्सला. एसटी स्टँडपासून कॉलेजपर्यंत जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना टपऱ्या आहेत. तिथे आमचा ठराव नाही, बापाची वही नाही, आणि त्याच्या बाकावर १८ पूर्ण झालेलं कुणी ना कुणी बसलेलं असेल.